धागा: ‘आकुंचन पाव’ हा निरोप साचत गेला, तर स्नायू ताठ होण्याऐवजी लुळा का पडतो?

तिरकी रेघ (धागाकर्ती)

मी जीवशास्त्र शिकवते. कीटकनाशकांच्या विषबाधेवर पुस्तकात जेमतेम दोन ओळी असतात. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटतं, स्नायूवर जाऊन बसतं, स्नायू आकुंचन पावतो. काम झालं की ॲसिटिलकोलीनेस्टरेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, मॅलॅथिऑन अशी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या एन्झाइमलाच निकामी करतात, आणि ॲसिटिलकोलीन साचत जातं.

यावर एका विद्यार्थिनीने बिनतोड प्रश्न विचारला. आकुंचनाचा निरोप साचत असेल, तर रुग्ण धनुर्वातासारखा ताठ व्हायला हवा. प्रत्यक्षात तो लुळा पडतो, मान टाकतो, श्वास थांबतो. असं का?

‘स्नायू थकून जातो’ हे उत्तर बऱ्याच ठिकाणी वाचलं, पण गळी उतरलं नाही. जोडप्रश्न: फवारा बसलेला किडाही याच पद्धतीने मरतो का? जाणकारांनी लिहावं. जरा सविस्तर लिहिलं तरी चालेल, वाचायची तयारी आहे.

---

कोपरखळी

प्रश्न आवडला. पहिल्या रांगेत जागा धरून ठेवतो.

---

भूलथाप

माझा धंदा भूल देण्याचा, म्हणजे माणसाला लुळं पाडून परत उठवण्याचा. तेव्हा हा प्रश्न माझ्या अंगणातलाच.

‘थकवा’ हे उत्तर चूक आहे. लुळेपणा येतो तेव्हा स्नायूच्या आतली यंत्रणा बऱ्यापैकी शाबूत असते. गडबड होते ती निरोप आत शिरण्याच्या जागी.

क्रम असा. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू स्नायूच्या पडद्यावरच्या एका रिसेप्टरवर (निरोप टिपणाऱ्या प्रथिनावर) बसले की तो उघडतो आणि सोडियम आत घुसतं. स्नायूच्या पडद्यावरचा विद्युतभार त्या जागी बदलतो. हा बदल पुरेसा मोठा झाला की शेजारच्या सोडियम वाहिन्या धडाधड उघडतात आणि लाट स्नायूभर पसरते. या वाहिन्यांची एक खोड आहे: उघडल्यानंतर मिलिसेकंदाच्या आसपास त्या आपोआप कुलूपबंद होतात. पडदा मूळच्या भारावर परत आला तरच ते कुलूप निघतं.

एरवी पडदा लगेच मूळपदावर येतो, कारण ॲसिटिलकोलीनेस्टरेज भलतं चपळ आहे. त्याचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. चेतातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या फटीतला निरोप एक-दोन मिलिसेकंदांत साफ होतो आणि पुढच्या निरोपाला पाटी कोरी मिळते.

एन्झाइम बंद पडलं की पाटी कोरी होतच नाही. रिसेप्टर पुन्हा पुन्हा उघडत राहतात, पडद्याचा तेवढा भाग बदललेल्या भारावर अडकून बसतो, आणि शेजारच्या सोडियम वाहिन्या कुलूपबंदच राहतात. फ्लशच्या टाकीचा दांडा कुणी खाली दाबून धरला तर पहिल्यांदा पाणी धो-धो येतं, मग टाकी भरतच नाही आणि पुढचा फ्लश होत नाही, तसं. सुरुवातीला पापणी, दंड, मांड्या यांचे स्नायू कातडीखाली फुरफुरताना दिसतात. हा झाला धो-धो भाग. त्यानंतर लुळेपणा.

आम्ही हा परिणाम मुद्दाम घडवून आणतो. सक्सिनिलकोलीन नावाचं औषध रिसेप्टरवर बसून पडदा असाच अडकवून ठेवतं. टोचल्यावर अंगभर फुरफुर उठते आणि मिनिटभरात रुग्ण पूर्ण सैल. गंमत म्हणजे ते औषध रक्तातल्या ज्या एन्झाइमने संपतं, ते ब्युटिरिलकोलीनेस्टरेजही ऑर्गॅनोफॉस्फेटने मारलेलं असतं. म्हणून अशा रुग्णाला हे औषध दिलं, तर काही मिनिटांचा परिणाम तासन् तास उतरत नाही.

धनुर्वाताचं गणित वेगळं आहे. तिथे बिघाड मज्जारज्जूत असतो. ‘थांब’ म्हणणाऱ्या चेतापेशींचं तोंड बंद झालेलं असतं, त्यामुळे स्नायूकडे निरोपांचा भडिमार होतो. पण स्नायूपाशी प्रत्येक निरोप सुटा पोचतो आणि सुटा पुसला जातो. म्हणून स्नायू दर वेळी उत्तर देऊ शकतो आणि ताठ राहतो. विद्यार्थिनीला एवढंच सांगा की स्नायूला निरोप लागतो तसा दोन निरोपांमधला खंडही लागतो.

---

ओमचा नियम

टाकीच्या उदाहरणाला किंचित हरकत. टाकीत पाणी संपतं. इथे बाहेरचं सोडियम संपत नाही, ते मुबलक असतं. दारंच अडकतात. पोरं हमखास ‘सोडियम संपलं’ असं लिहून येतील.

---

भूलथाप

@ओमचा नियम, हरकत मंजूर. दांडा दाबलेला राहतो एवढंच घ्या, पाण्याचा हिशेब सोडा.

---

सहा पाय

जोडप्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण तिथे भले भले फसतात. थोडं लांबेल.

‘कीटकनाशक किड्याच्या स्नायूंवर काम करतं’ असं लोक सर्रास लिहितात. ऑर्गॅनोफॉस्फेटबाबत ते खरं नाही. किड्याच्या स्नायूला आकुंचनाचा निरोप ॲसिटिलकोलीन देतच नाही, तो ग्लूटामेट देतं. किड्याचं ॲसिटिलकोलीन राहतं त्याच्या मेंदूत आणि चेतागुच्छांत, आणि तिथलं ते मुख्य उत्तेजक रसायन आहे. आपलं बरोबर उलट: मेंदूत मुख्य उत्तेजक ग्लूटामेट आणि स्नायूपाशी ॲसिटिलकोलीन.

म्हणजे विष तेच, एन्झाइमही जवळपास तेच, पण घाव वेगळ्या जागी. किड्यात गोंधळ मध्यवर्ती यंत्रणेत उडतो. चेतापेशी अनावर पेटतात, किडा थरथरतो, उलटा पडून पाय झाडत राहतो. त्याच्या स्नायूच्या दारावर थेट कुणी हात घातलेला नसतो. आपल्यात मेंदूही सापडतो, ग्रंथीही सापडतात आणि स्नायूचं दारही. त्यात आपला श्वास श्वासपटल आणि बरगड्यांमधल्या स्नायूंवर सर्वस्वी अवलंबून. किड्याला फुप्फुसं नाहीत, अंगभर हवेच्या नळ्या आहेत, त्यामुळे तो आपल्यासारखा मिनिटांत गुदमरत नाही. माझं मत विचाराल तर या एका बाबतीत या औषधांचा फटका किड्यापेक्षा आपल्याला जास्त वर्मी बसतो.

मग ‘स्नायू ताठ होणारी’ विषबाधा असते का? असते, आणि धागाकर्तीच्या विद्यार्थिनीला ती नक्की आवडेल. फ्लुबेंडियामाइड आणि क्लोरँट्रानिलीप्रोल ही डायमाइड गटातली कीटकनाशकं दारावर जातच नाहीत. ती थेट कोठारात घुसतात. स्नायूच्या आत कॅल्शियमचं कोठार असतं. लाट आत पोचली की कोठाराची झडप उघडते, कॅल्शियम बाहेर येऊन ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं आणि ॲक्टिन-मायोसिन या स्नायूतल्या तंतूंची ओढाताण सुरू होते. निरोप संपला की पंप कॅल्शियम परत कोठारात भरतात आणि स्नायू सैल पडतो. डायमाइड ही झडपच उघडी धरून ठेवतात. चेतातंतूकडून हुकूम नसतानाही कॅल्शियम गळत राहतं. अळी आखडते, आकाराने अक्षरशः लहान दिसायला लागते, खाणं सोडते. पान वाचतं ते अळी मरायच्या आधीच, ती खायची थांबते तेव्हा.

ही झडप शास्त्रज्ञांना सापडली त्यातही रायानिया नावाच्या झुडपातल्या रायानोडिन या विषाचा मोठा हात होता. त्या झुडपाची भुकटी १९४० च्या दशकात कीटकनाशक म्हणून विकली जात होती. आपल्या स्नायूतही अशी झडप आहे, पण तिची घडण वेगळी असल्याने डायमाइड तिला फारसं धरत नाहीत.

---

साखरझोप

बाप रे! ग्लूटामेटची ही अदलाबदल माहीतच नव्हती. वाचनखूण साठवली.

---

रोखठोक

एवढं वाचून माझ्यासारख्याला जे कळलं ते असं: ॲट्रोपिन हा उतारा आहे, तो वेळेत मिळाला की काम झालं. बाकी सोडियम-पोटॅशियम परीक्षेसाठी.

---

भूलथाप

@रोखठोक, नेमकं इथेच सोडियम-पोटॅशियम न कळल्याने माणसं दगावतात. नातेवाईक म्हणतात, ‘ॲट्रोपिन दिलं, घाम थांबला, लाळ थांबली, मग पेशंट व्हेंटिलेटरवर कशाला?’

ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर मुख्यतः दोन जातींचे. लाळ, घाम, अश्रू, श्वासनलिकेतला स्राव, आतडी, हृदयाची गती, डोळ्यांच्या बाहुल्या यांवर मस्कॅरिनिक जात. स्नायूच्या दारावर निकोटिनिक जात. ॲट्रोपिन फक्त पहिल्या जातीला झाकतं. लुळ्या स्नायूवर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही, तो कितीही ओता.

तरीही ॲट्रोपिनशिवाय निभाव नाही, कारण रुग्णाचा पहिला शत्रू असतो छातीत भरणारा स्राव. तो स्वतःच्याच पाण्यात बुडत असतो. म्हणून आम्ही दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जातो, ते छातीतली घरघर थांबेपर्यंत, नाडी ८० च्या वर आणि रक्तदाबाचा वरचा आकडा ८० च्या वर येईपर्यंत. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या मोठ्या होण्याची वाट पाहत बसत नाही, त्या मागाहून सुधारतात.

स्नायूसाठी दुसरं औषध आहे, प्रालिडॉक्सिम. १९५५ मध्ये पुढे आलं. ते एन्झाइमला चिकटलेला फॉस्फेटचा तुकडा ओढून काढतं आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. निदान कागदावर तरी.

---

रोखठोक

‘कागदावर’ म्हणजे? उतारा आहे की नाही?

---

भूलथाप

सरळ हो-नाही देता येत नाही. दोन अडचणी.

एक, वेळ. चिकटलेल्या तुकड्याची एक फांदी काही वेळाने गळते आणि मग तो कायमचा घट्ट बसतो. यानंतर प्रालिडॉक्सिम हात टेकतं. डायमिथाइल प्रकारातली औषधं, उदाहरणार्थ डायमिथोएट किंवा मॅलॅथिऑन, इथे घाई करतात: निम्मं एन्झाइम साधारण पावणेचार तासांत कायमचं बाद. क्लोरपायरिफॉससारख्या डायइथाइल प्रकारात हाच काळ ३३ तासांच्या आसपास. म्हणजे ‘ऑर्गॅनोफॉस्फेट’ असा एकच शिक्का मारून भागत नाही, रिकामा डबा किंवा त्यावरचं लेबल हाती असणं फार मोलाचं.

दोन, पुरावा. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बारामतीतल्या २०० रुग्णांची चाचणी छापून आली. त्यात मोठ्या मात्रेत सतत थेंबाने दिलेल्या प्रालिडॉक्सिमचा स्पष्ट फायदा दिसला. २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत असा फायदा दिसला नाही. त्यामुळे डॉक्टरांमध्ये दोन तट आहेत. मी स्वतः लवकर आलेल्या रुग्णाला देतो, पण त्याच्या भरवशावर श्वासाची नळी लांबणीवर टाकत नाही. कायमचं बाद झालेलं एन्झाइम शरीराने नव्याने बनवेपर्यंत श्वास यंत्रानेच द्यायचा असतो. आणि हे जमतं. असे रुग्ण चालत घरी जातात.

---

ओमचा नियम

कार्बामेटचं काय? कार्बारिल, कार्बोफ्युरान वगैरे?

---

भूलथाप

लक्षणं तीच, एन्झाइम तेच. पण कार्बामेटचा तुकडा आपणहून सुटतो आणि बहुतेकदा २४ तासांत गाडी रुळावर येते. कायमचं घट्ट बसण्याचा प्रकार नाही. म्हणून तो सौम्य असं मात्र समजू नये. ते २४ तास श्वास टिकायला हवा ना! कार्बोफ्युरान अत्यंत जहाल आहे.

याच घराण्यातली औषधं आम्ही उपचारालाही वापरतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात स्नायूवरचे रिसेप्टर कमी पडतात, तिथे पायरिडोस्टिग्मीन देऊन एन्झाइम थोडंसं दाबतात, म्हणजे ॲसिटिलकोलीन जरा जास्त वेळ टिकतं. विस्मरणाच्या आजारातलं रिव्हास्टिग्मीनही कार्बामेटच.

---

जुनी वही

इतिहासाची थोडी भर घालते. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांचा प्रयोग केला. एका हृदयाची चेता चाळवून त्याभोवतीचं द्रव दुसऱ्यावर ओतलं, तर दुसऱ्याचीही गती मंदावली. म्हणजे चेतातंतूचा निरोप रसायनातून जातो. ते रसायन ॲसिटिलकोलीन. या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मनीत गेरहार्ट श्राडर हे आयजी फार्बेन कंपनीसाठी नवं कीटकनाशक शोधत असताना त्यांच्या हाती टाबून हे ऑर्गॅनोफॉस्फेट चेताविष लागलं. पुढे प्रयोगशाळेत त्याचा अगदी थोडा अंश सांडला तर त्यांच्या आणि सहकाऱ्याच्या बाहुल्या आकसल्या, श्वास जड झाला. शेतासाठी शोधलेलं रसायन लष्कराने उचललं. सारिनही त्याच हातचं. आणि पॅराथिऑन हे कीटकनाशकही श्राडर यांचंच.

एकाच वर्षात एन्झाइमचं गिऱ्हाईकही गौरवलं गेलं आणि एन्झाइमचा मारेकरीही जन्मला, असं म्हणायला हरकत नाही.

---

कोपरखळी

थोडं अवांतर. आमच्याकडे मांजर आहे. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीच्या औषधावर ‘मांजरांना लावू नये’ असं ठळक लिहिलेलं असतं. तेही हेच का?

---

सहा पाय

नाही, पण शेजारचंच घर. त्यात बहुधा परमेथ्रिन असतं, पायरेथ्रॉइड गटातलं. पायरेथ्रॉइड एन्झाइमला हात लावत नाहीत. भूलथाप यांनी सांगितलेल्या सोडियम वाहिन्यांचं कुलूप लागू देत नाहीत, ते यांचं काम. वाहिनी उघडीच राहते आणि एका निरोपाऐवजी निरोपांची माळ सुटते. किडा झटक्यात आडवा होतो. डीडीटीही त्याच वाहिनीवर बसतं.

आपलं यकृत पायरेथ्रॉइड भराभर मोडतं, शिवाय आपलं शरीर गरम, आणि थंडीत हे विष जास्त चढतं. मांजराच्या यकृतात ही मोडतोड करणारी एक महत्त्वाची वाट अरुंद असते, म्हणून त्याला थरथर आणि झटके येतात. माणसाच्या कातडीला लागलं तर बहुधा चेहऱ्यावर मुंग्या आणि चुरचुर, काही तासांत ओसरते. पोटात मोठ्या प्रमाणात गेलं तर मात्र झटके येऊ शकतात.

फिप्रोनिल आणि एंडोसल्फान तिसऱ्याच जागी बसतात. ती ‘थांब’ म्हणणाऱ्या गाबा रिसेप्टरचा क्लोराइडचा मार्ग बुजवतात, म्हणून झटके. आणि ॲबामेक्टिन याच्या उलट: ग्लूटामेटने उघडणारी क्लोराइडची वाहिनी ते उघडी ठेवतं, किडा सैल पडून थंड होतो. ती वाहिनी आपल्याकडे नाहीच.

---

साखरझोप

म्हणजे एकाच चेतातंतूच्या वाटेवर प्रत्येक गटाने आपला नाका पकडलाय! मग डब्यावर १ब, ३अ, २८ असे गट क्रमांक असतात ते याचेच?

---

सहा पाय

अगदी. १अ कार्बामेट, १ब ऑर्गॅनोफॉस्फेट, ३अ पायरेथ्रॉइड, ४अ इमिडाक्लोप्रिडची भावंडं, ६ ॲबामेक्टिन, २८ डायमाइड. नावं दोन आणि गट एक असेल, तर औषध बदलल्याचं समाधान फक्त आपल्याला, किड्याला नाही. त्याची प्रतिकारशक्ती बरेचदा त्या नाक्यावरच तयार होते.

---

रोखठोक

मॅलॅथिऑन तरी सुरक्षित म्हणतात.

---

जुनी वही

तुलनेने, हो. पण हे वाचा. १९७६ मध्ये पाकिस्तानात हिवताप मोहिमेत मॅलॅथिऑन फवारणाऱ्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली, किमान पाच दगावले. मालात साठवणीत तयार झालेलं आयसोमॅलॅथिऑन होतं. आपल्या शरीरात मॅलॅथिऑन मोडणारं जे एन्झाइम असतं, त्यालाच या भेसळीने बंद पाडलं. ‘सुरक्षित’ हा शब्द ताज्या आणि शुद्ध मालापुरता.

---

संपादक मंडळ

चर्चा उत्तम चालली आहे. दोन सूचना. कशाने किती मात्रेत काय होतं, असे प्रश्न उडवले जातील, एक प्रतिसाद आत्ताच उडवला आहे. आणि प्राथमिक मदतीबद्दल जाणकारांनी थोडक्यात लिहावं, असे धागे लोक घाईत शोधत येतात.

---

भूलथाप

थोडक्यात: आधी रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला उघड्या हवेत आणा. कपडे उतरवा, अंग आणि केस साबणाने भरपूर धुवा, कारण विष कातडीतून आत जातच राहतं. स्वतः नायट्राइलचे हातमोजे घाला, लॅटेक्सच्या पातळ मोज्यांचा भरवसा नाही. डाव्या कुशीवर झोपवा. उलटी मुळीच करवू नका: बहुतेक द्रवरूप औषधांत रॉकेलसारखे द्रावक असतात, ते फुप्फुसात गेले तर दुसरं संकट. डबा सोबत न्या. विष जाणूनबुजून घेतलं असेल तरी लपवू नका, आम्हाला फक्त काय आणि केव्हा ते हवं असतं.

आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून दुसऱ्या दिवशी घरी नेण्याचा हट्ट करू नका. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालिएड्डे यांनी एक अवस्था नोंदवली. पहिलं वादळ शमल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांनी, मान, खांदे, मांड्या आणि श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे पडतात. तेव्हा ना लाळ असते, ना फुरफुर. आम्ही राऊंडला रुग्णाला फक्त उशीवरून डोकं उचलायला सांगतो. उचलता आलं नाही तर हालचाल सुरू, कारण मानेमागोमाग श्वास जातो.

---

तिरकी रेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रश्न एका ओळीचा होता, उत्तरात अख्खा तास मिळाला. ग्लूटामेटची अदलाबदल आणि डायमाइडची आखडलेली अळी फळ्यावर शेजारी शेजारी काढणार आहे. एक शेवटचं: रोज फवारणी करणाऱ्या माणसाला लक्षणं दिसायच्या आधी काही कळू शकतं का?

---

भूलथाप

कळतं. रक्तपेशींतलं ॲसिटिलकोलीनेस्टरेज मोजतात. पण माणसागणिक मूळ पातळी इतकी वेगळी असते की एकट्या आकड्याला अर्थ नाही. हंगामाआधी त्याचीच पातळी मोजून ठेवावी लागते. कॅलिफोर्नियात नियमच आहे: पेशींतलं एन्झाइम मूळच्या ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर उतरलं की कामगाराला त्या कामावरून हटवायचं, आणि दोन्ही ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत पाठवायचं नाही. कायमचं बाद झालेलं एन्झाइम रक्तपेशी बदलतील तसतसंच भरून येतं, दिवसाला जेमतेम एक टक्का.

कार्बामेट फवारलं असेल तर नमुना बर्फात ठेवून लगेच तपासायला हवा. नळीत पडल्या पडल्याही एन्झाइम सुटत राहतं, आणि उशीर झाला तर अहवाल ‘सर्व ठीक’ असा येतो.